आयसोमरची ज्वलन उष्णता पहिल्यांदाच मोजताय? मग आधी हे वाचा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून ‘आयसोमरांचं ऊष्मारसायन’ हा विषय पदरात पडला तेव्हा मला वाटलं, आठवड्याभराचं काम आहे. दोन पांढऱ्या पावडरी, एक बॉम्ब कॅलरीमीटर (दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पदार्थ जाळून त्याची उष्णता मोजायचं यंत्र; ज्यात जाळतात ते बंद भांडं म्हणजे ‘बॉम्ब’), दोन आकडे आणि एक वजाबाकी. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो त्या वजाबाकीनं. दोन्ही आकडे तेराशे किलोज्यूल प्रति मोलच्या घरात आणि त्यांच्यातला फरक जेमतेम बावीस. मोजायचा असतो तो फरक, चुका मात्र होतात त्या तेराशेवर.

कोल्हापुरात बॉम्ब कॅलरीमीटर नवलाची वस्तू नाही. साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये कोळसा आणि बगॅस यांचा उष्मांक त्याच्यावरच काढतात. पण बॉयलरसाठी एक-दोन टक्के इकडं-तिकडं झालं तरी फारसं बिघडत नाही. आपल्याला तेवढ्याच एक-दोन टक्क्यांत अख्खं उत्तर शोधायचं असतं. म्हणून कारखान्यात काम केलेला एखादा ओळखीचा माणूस ‘त्यात काय एवढं’ म्हणाला तरी त्याच्या भरवशावर राहू नका.

खालचा क्रम मी चुका करत करत बसवलेला आहे. तुमच्या गाईडचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांचं ऐका, फक्त कारण विचारून घ्या.

१. जोडी विचारपूर्वक निवडा

आयसोमर म्हणजे समघटक. रेणूसूत्र एकच, मांडणी वेगळी. पुस्तकात पहिलं उदाहरण ब्युटेन आणि आयसोब्युटेनचं असतं, म्हणून बरेच जण तिकडं ओढले जातात. तो मोह टाळा. या दोघांच्या ज्वलन उष्णता सुमारे २,८७० ते २,८८० किलोज्यूल प्रति मोल आणि फरक साडेआठ किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे ०.३ टक्के. त्यात दोन्ही वायू. १९३० च्या दशकात अमेरिकेत रॉसिनी यांनी अशी मोजमापं केली, पण त्यासाठी त्यांनी वायूंकरता खास ज्योत-कॅलरीमीटर वापरला होता. आपल्या खोलीतल्या यंत्राला ते झेपणारं नाही.

सुरुवातीला जोडी घन असावी, बाष्पशील नसावी, स्वस्त असावी आणि फरक एक टक्क्याच्या वर असावा. या चारही अटींत मॅलेइक ॲसिड आणि फ्युमॅरिक ॲसिड ही जोडी बसते. दोघांतही चार कार्बन, चार हायड्रोजन, चार ऑक्सिजन. मॅलेइकमध्ये दोन्ही आम्लगट दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला, फ्युमॅरिकमध्ये विरुद्ध बाजूंना. एवढ्याशा फरकानं मॅलेइक १३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि फ्युमॅरिक बंद नळीत २८७ अंशांपर्यंत तग धरतं. मॅलेइक पाण्यात साखरेसारखं विरघळतं, तर फ्युमॅरिक शंभर मिलीलिटरमध्ये एक ग्रॅमसुद्धा जात नाही.

द्रव जोडी घ्यायचीच असेल तर १-प्रोपेनॉल आणि २-प्रोपेनॉल घेता येतील, पण द्रव कॅप्सूलमध्ये भरावा लागतो आणि त्या कॅप्सूलची ज्वलन उष्णता वेगळी काढून वजा करावी लागते. पहिल्याच खेपेला ही भानगड नको.

२. यंत्राला हात लावण्याआधी कागदावर समजून घ्या

जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा यांच्या उंचीतला फरक काढायचा आहे असं समजा. दोन्हींची उंची समुद्रसपाटीपासून मोजून वजाबाकी करता येईल. नाहीतर दोन्हींच्या वाटेवरच्या केर्लीच्या फाट्यावर उभं राहून दोन्हीकडं तिथूनच मोजता येईल. उत्तर एकच येईल, पण दुसऱ्या वाटेनं मोजायचे आकडे लहान असल्यामुळं चूकही लहान राहील. १८४० मध्ये हेस यांनी मांडलेला नियम उष्णतेच्या बाबतीत हेच सांगतो. मधली वाट कुठलीही असो, सुरुवात आणि शेवट ठरले की फरक ठरला.

ज्वलन म्हणजे समुद्रसपाटीपासूनचं मोजमाप. दोन्ही आयसोमर जळून तेवढाच कार्बन डायऑक्साइड आणि तेवढंच पाणी देतात, त्यामुळं ज्वलन उष्णतांतला फरक हाच त्या दोघांच्या ऊर्जेतला फरक. केर्लीची वाट म्हणजे हायड्रोजनीकरण. मॅलेइक आणि फ्युमॅरिक दोन्हींना हायड्रोजन दिला की सक्सिनिक ॲसिडच मिळतं. हार्वर्डमध्ये किस्तियाकोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकात ब्युटीनच्या आयसोमरांवर हीच युक्ती वापरली. १-ब्युटीन सुमारे १२७, सिस-२-ब्युटीन १२० आणि ट्रान्स-२-ब्युटीन ११६ किलोज्यूल प्रति मोल. सिस आणि ट्रान्समधला चार किलोज्यूलचा फरक ११६ मधून दिसतो. तोच ज्वलनाच्या २,७०० मधून शोधायचा म्हणजे गवताच्या गंजीत सुई.

तरीही आपण ज्वलनच करणार आहोत, कारण यंत्र त्याचं आहे आणि आपली जोडी मोठ्या फरकाची आहे.

आयसोमरांची एक कृपा मात्र आहे आणि ती मला फार उशिरा कळली. सूत्र एकच असल्यामुळं काही चुका वजाबाकीत आपोआप कटतात. यंत्राचं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या उष्णतेच्या पदार्थानं यंत्र तपासून घेणं) ०.२ टक्क्यानं चुकलं तर प्रत्येक आकडा २.७ किलोज्यूलनं सरकतो, पण दोन्ही एकाच दिशेनं सरकतात. फरकावर परिणाम होतो फक्त ०.०५ किलोज्यूलचा. मात्र नमुन्यातला ओलावा, अर्धवट जळणं, थर्मामीटर वाचण्यातली गडबड या चुका कटत नाहीत. मेहनत कुठं घालायची ते यावरून ठरतं. मी पहिला महिना कॅलिब्रेशनच्या चौथ्या आकड्यासाठी घासला आणि नमुना तसाच ओला ठेवला!

३. कागदपत्रं आणि सामान

कागद आधी, कारण त्यांनाच वेळ लागतो.

- गाईडच्या सहीचं पत्र आणि यंत्र वापरण्याच्या रजिस्टरमध्ये तारखांची नोंद. सलग दिवस मागा. सोमवारी एक पावडर आणि पुढच्या गुरुवारी दुसरी असं केलं तर वर सांगितलेली कृपा हातची जाते.
- दोन्ही ॲसिडांची आणि कॅलिब्रेशनसाठी लागणाऱ्या बेंझोइक ॲसिडची सुरक्षा माहितीपत्रकं. मॅलेइक डोळ्यांना आणि कातडीला चांगलंच झोंबतं.
- बेंझोइक ॲसिडचं प्रमाणपत्र. कॅलरीमीटरसाठी म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांसोबत ते येतं. साधी बाटली चालणार नाही.
- बॉम्बच्या दाब-चाचणीची तारीख. ती कुणालाच सांगता आली नाही तर तो बॉम्ब वापरू नका.

सामानात बॉम्ब कॅलरीमीटर, ०.१ मिलिग्रॅमपर्यंत तोलणारा तराजू, दोन किलो पाणी तोलता येईल असा दुसरा मोठा तराजू, ०.००१ अंशापर्यंत वाचणारा डिजिटल थर्मामीटर, पेलेट प्रेस, निक्रोमची फ्यूज वायर, व्हॅक्यूम डेसिकेटर, ब्युरेट आणि स्टॉपवॉच एवढं लागतं. जुना बेकमन थर्मामीटर असेल तर भिंगातून ०.००२ अंशापर्यंत वाचता येतं. त्यावरही काम होतं, फक्त डोळे जातात.

आमच्या लॅबच्या पेलेट प्रेसची डाय झिजली होती. कंपनीकडून नवीन मागवायची तर सहा आठवडे लागणार होते, म्हणून उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून पंच आणि डाय करून घेतली. जुना तुकडा बघितला आणि पोरानं दुपारपर्यंत हातात दिली. कोल्हापुरात शिकण्याचा हा फायदा आहे. पण हा शहाणपणा डायपाशीच थांबवा. बॉम्बचं झाकण, व्हॉल्व्ह, सीलची रिंग यातलं काहीही बाहेर बनवून घेऊ नका. आत तीस वातावरणांचा ऑक्सिजन भरून आपण स्फोटासारखं ज्वलन घडवणार असतो. तिथं कंपनीचाच भाग हवा.

४. नमुना: इथंच बहुतेकांचा प्रोजेक्ट बुडतो

नमुन्यात एक टक्का पाणी असेल तर एक टक्का उष्णता कमी भरते. मॅलेइकच्या बाबतीत ती साडेतेरा किलोज्यूल प्रति मोल होते. म्हणजे बावीसपैकी निम्म्याहून जास्त फरक त्या ओलाव्यानं गिळला.

मग वाळवायचं कसं? मी काय केलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही ते करणार नाही. जुलै महिना, बाहेर कोल्हापूरचा पाऊस, हवा इतकी दमट की फिल्टर पेपरसुद्धा मऊ पडलेला. मी मॅलेइक ॲसिड रात्रभर १२० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून घरी गेले. सकाळी ओव्हन उघडल्यावर नाकात तिखट वास गेला. मी दुर्लक्ष केलं. त्या पावडरीवर सहा वेळा मोजमाप केलं. सहाही आकडे एकमेकांशी छान जुळले आणि फरक आला ४२ किलोज्यूल. ग्रंथांतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

झालं असं की मॅलेइकचे दोन आम्लगट शेजारी-शेजारी असल्यामुळं तापवल्यावर ते पाणी सोडून ॲनहायड्राइड बनतं. ॲनहायड्राइडची ग्रॅममागची उष्णता जास्त. तो तिखट वास त्याचाच होता. फ्युमॅरिकमध्ये गट लांब असल्यानं ते असं सहजी करत नाही. सहा आकडे जुळले म्हणजे ते बरोबरच असतात, हा माझा गैरसमज त्या दिवशी गेला.

म्हणून मॅलेइक ओव्हनमध्ये घालू नका. खलात बारीक करा, काचेच्या वाटीत पातळ पसरा आणि व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ताज्या सिलिका जेलवर दोन दिवस ठेवा. सिलिका जेल निळी असली पाहिजे. गुलाबी झाली असेल तर आधी तिलाच भाजून घ्या. दर बारा तासांनी वजन करा. सलग दोन वजनं ०.२ मिलिग्रॅमच्या आत आली की वाळलं. फ्युमॅरिकलाही तोच उपचार द्या. ते गरम पाण्यातून पुनर्स्फटिक करून घेतलं तर उत्तम, गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं आणि थंड होताच खाली बसतं. मॅलेइक मात्र चांगल्या दर्जाचं विकतच घ्या. ते आम्लयुक्त पाण्यात उकळत बसलात तर फ्युमॅरिकच होऊन बसेल. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून आपण तेच करतो.

शुद्धतेची तपासणी दोन प्रकारे करा, एक पुरत नाही. पहिलं टायट्रेशन. दोन्ही ॲसिडांचा तुल्यभार (एक मोल अल्कली खपवायला लागणारे ग्रॅम) ५८.०४, म्हणजे ०.१४५१ ग्रॅमला ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड बरोबर २५ मिलीलिटर लागायला हवं, दर्शक फिनॉल्फ्थॅलीन. पाणी असेल तर तुल्यभार वाढतो, ॲनहायड्राइड असेल तर घटतो. माझ्या भाजलेल्या पावडरीचा तुल्यभार ५७.३ भरला. वरवर किरकोळ वाटेल, पण त्याचा अर्थ सात टक्के ॲनहायड्राइड. पण मॅलेइकमध्ये थोडं फ्युमॅरिक मिसळलेलं असेल तर टायट्रेशनला पत्ताही लागत नाही, कारण तुल्यभार एकच. त्यासाठी दुसरी तपासणी द्रवणांकाची. शिवाय थोडी पावडर थंड पाण्यात टाकून बघा. मॅलेइक पूर्ण विरघळून पाणी नितळ राहिलं पाहिजे. तळाशी पांढरं काही राहिलं तर ते बहुधा फ्युमॅरिक.

५. गोळी आणि तार

सैल पावडर पेटवली तर ती क्रूसिबलमधून (नमुना ठेवायच्या छोट्या वाटीतून) उडते आणि न जळताच बॉम्बच्या भिंतीला चिकटते. म्हणून गोळी करायची. फार जोर लावला तर गोळी पेटताना तडकून तुकडे उडतात. हाताला घट्ट लागेल आणि चिमट्यात धरल्यावर भुगा होणार नाही, इतकाच दाब.

बेंझोइक ॲसिड एक ग्रॅमच्या आत ठेवा. आपली दोन्ही ॲसिडं मात्र दीड ग्रॅम घ्या, कारण त्यांच्यात आधीच भरपूर ऑक्सिजन आहे आणि ग्रॅममागे उष्णता बेंझोइकच्या निम्म्याहूनही कमी. गोळी क्रूसिबलमध्ये ठेवल्यावर पुन्हा वजन करा. प्रेसमधून बाहेर पडताना कडा झडतात, त्यामुळं आधीचं वजन धरता येत नाही.

फ्यूज वायर दहा सेंटीमीटर कापा, दोन्ही इलेक्ट्रोडना बांधा आणि मधला बाक गोळीला जेमतेम टेकू द्या. तार क्रूसिबलच्या धातूला टेकली की शॉर्ट होतं, बटण दाबल्यावर काहीच घडत नाही आणि तुम्ही दहा मिनिटं थर्मामीटरकडं बघत बसता. बॉम्ब बंद करण्याआधी मल्टीमीटरनं एकदा बघून घ्या.

६. ऑक्सिजन

बॉम्बच्या तळाशी पिपेटनं एक मिलीलिटर डिस्टिल्ड वॉटर घाला. आतली हवा बाष्पानं आधीच संपृक्त राहते, त्यामुळं ज्वलनात तयार होणारं पाणी द्रवरूपातच जमा होतं आणि नायट्रोजनपासून बनणारं नायट्रिक ॲसिडही त्यात उतरतं.

झाकण हातानंच घट्ट करा. मग रेग्युलेटरमधून सावकाश भरत तीस वातावरणांपर्यंत न्या. झटक्यानं भरलं तर गोळीवरची पूड उडते.

पहिल्या दिवशी झाकण जड फिरतंय म्हणून मी धाग्यांवर मशीन ऑइलचा थेंब सोडणार होते. मागून आमच्या लॅबचे मामा ओरडले, “अवो ताई, त्येल नगा लावू! आक्सिजन हाय त्यो, घरला जायचं हाय का न्हाई?” मामांचं शिक्षण नववी, पण त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यात जास्त रसायनशास्त्र त्यांनाच येत होतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल किंवा ग्रीस एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही. रेग्युलेटर, नळी, झाकण, कुठंही तेलाचा हात लागता कामा नये. दुपारचा वडा खाऊन आलात तर आधी साबणानं हात धुवा. चेष्टा नाही.

भरलेला बॉम्ब पाण्याच्या बादलीत बुडवून अर्धा मिनिट बघा. बुडबुडे येत असतील तर तो पेटवायचा नाही. दाब सोडा, रिंग तपासा, पुन्हा भरा.

७. कॅलिब्रेशन

यंत्राचं तापमान एक अंशानं वाढायला किती उष्णता लागते, तो त्याचा उष्णता तुल्यांक. बेंझोइक ॲसिड प्रमाणित परिस्थितीत ग्रॅममागे २६,४३४ ज्यूल देतं. तुमच्या बाटलीच्या प्रमाणपत्रावर जो आकडा असेल तो घ्या. किमान पाच वेळा करा. पाचांत ०.१ टक्क्याहून जास्त तफावत असेल तर पुढं जाऊ नका, कुठंतरी पाणी मुरतंय.

ते ‘पाणी’ बहुतेक वेळा खरंच पाणीच असतं. बादलीतलं दोन किलो पाणी मोजपात्रानं भरू नका, तोलून भरा. एक ग्रॅम पाणी कमी-जास्त झालं तर उत्तरात अर्धा किलोज्यूल प्रति मोल सरकतो.

८. प्रत्यक्ष मोजमाप

वेळ सकाळची निवडा. टाकीचं पाणी एप्रिलच्या दुपारी तिशीच्या वर तापलेलं येतं आणि नळातून थेट घेतलं तर खोलीशी जुळायला तास जातो. आदल्या संध्याकाळी कॅनमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरून लॅबमध्येच ठेवा. सुरुवातीचं तापमान खोलीपेक्षा साधारण दीड अंश खाली असावं. डोक्यावरचा पंखा बंद, खिडकी बंद. लाईट जाण्याची भीती असेल तर ढवळणीला इन्व्हर्टर जोडा. मधेच ढवळणी थांबली की ते मोजमाप रद्दच करावं लागतं.

ढवळणी सुरू करून पाच मिनिटं थांबा. मग पाच मिनिटं दर मिनिटाला तापमान लिहा. सहाव्या मिनिटाला बटण दाबा आणि त्या वेळी यंत्रावर ओणवं होऊ नका. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं दर पंधरा सेकंदांनी लिहा, नंतर दर मिनिटाला. तापमान एकसारख्या चालीनं बदलायला लागलं की आणखी पाच ते दहा मिनिटं लिहीत राहा. ही शेवटची मिनिटं कंटाळवाणी असतात आणि नेमकी तीच लोक गाळतात. बाहेरच्या हवेशी किती देवाणघेवाण झाली हे त्यांच्याशिवाय काढता येत नाही. आलेखावर आधीची आणि नंतरची सरळ रेषा वाढवायची, आणि एकूण वाढीच्या ६३ टक्के वाढ ज्या क्षणी झाली त्या क्षणी दोन्ही रेषांतलं उभं अंतर मोजायचं. ही डिकिन्सन यांची रीत, हातानं करण्याजोगी.

संपल्यावर बॉम्ब बाहेर काढा, दाब सावकाश सोडा, मगच झाकण उघडा. क्रूसिबलमध्ये काजळीचा डाग दिसला तर तो आकडा वहीत लिहा, पण त्याच्यावर रेघ मारा. ‘थोडीशीच आहे’ हे मनाचे खेळ आहेत. उरलेल्या तारेचे तुकडे मोजा, आतलं पाणी फ्लास्कमध्ये खंगाळून घ्या आणि नायट्रिक ॲसिड टायट्रेट करा.

आणि जोडी आलटून पालटून घ्या. आधी फ्युमॅरिक, मग मॅलेइक, पुन्हा फ्युमॅरिक. दिवसभरात यंत्र किंवा खोली हळूहळू सरकत असेल तर ते दोघांच्याही वाट्याला सारखं येतं.

९. हिशेब

रीत कळावी म्हणून हिशेबापुरते आकडे घेते. बेंझोइक ०.९८७६ ग्रॅम, म्हणजे २६,१०६ ज्यूल. जळलेली तार ८.२ सेंटीमीटर, सेंटीमीटरला ९.६२ प्रमाणे ७९ ज्यूल (तुमच्या तारेच्या पाकिटावरचा आकडा घ्या). नायट्रिक ॲसिडला ०.१ नॉर्मल अल्कली ६.५ मिलीलिटर लागली, मोलला ५९.७ किलोज्यूल प्रमाणे ३९ ज्यूल. बेरीज २६,२२४. तापमानवाढ २.५९२ अंश. भागाकार १०,११७ ज्यूल प्रति अंश. हा झाला तुल्यांक.

आता फ्युमॅरिक १.५०४२ ग्रॅम, वाढ १.७२० अंश. गुणाकार १७,४०१ ज्यूल. त्यातून तारेचे ७७ आणि नायट्रिकचे ३० वजा केले, राहिले १७,२९४. ग्रॅममागे ११,४९७ ज्यूल. रेणुभार ११६.०७ नं गुणलं की १,३३४.५ किलोज्यूल प्रति मोल.

मॅलेइक १.४९८७ ग्रॅम, वाढ १.७४३ अंश. त्याच रीतीनं ग्रॅममागे ११,६९२ ज्यूल आणि मोलला १,३५७.१.

इथं एक जुना सापळा आहे. बॉम्बचं आकारमान बदलत नाही, म्हणून मिळते ती अंतर्गत ऊर्जा, एन्थॅल्पी (स्थिर दाबाखालची उष्णता) नव्हे. एका रेणूला तीन ऑक्सिजन लागतात आणि चार कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. वायूचा एक मोल वाढला, म्हणून २५ अंशांना २.५ किलोज्यूलची दुरुस्ती. उष्णता बाहेर पडते म्हणून चिन्ह उणे. फ्युमॅरिक उणे १,३३२.०, मॅलेइक उणे १,३५४.६. चार कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाणी यांच्या निर्मितीची एन्थॅल्पी मिळून उणे २,१४५.७ होते. त्यातून ज्वलनाची वजा केली की निर्मितीची मिळते: फ्युमॅरिक उणे ८१३.७, मॅलेइक उणे ७९१.१. ग्रंथांत उणे ८११.७ आणि उणे ७८९.४ च्या जवळपासचे आकडे सापडतील. आपला प्रत्येक आकडा दोन किलोज्यूलनं सरकला आहे, फरक मात्र २२.६, ग्रंथांतल्या २२.३ च्या शेजारीच. कॅलिब्रेशनची चूक कटते म्हणजे काय, ते इथं दिसतं.

तापमानाचे आकडे पुन्हा एकदा बघा. दोन्ही नमुने नेमके दीड ग्रॅम असते तर वाढीतला फरक ०.०२९ अंश. थर्मामीटर ०.००२ नं चुकला तरी प्रत्येक आकड्यात दीड किलोज्यूलची आणि फरकात दोनहून थोडी जास्त अनिश्चितता येते. सहा जोड्या केल्या तर ती एकाच्या खाली जाते. म्हणून सहा जोड्या. परीक्षकांनी ‘सहाच का’ विचारलं तर हेच उत्तर द्या.

शोधनिबंधाच्या तोलाचं काम करायचं असेल तर वॉशबर्न यांच्या १९३३ च्या दुरुस्त्याही लागतात. तीस वातावरणांची परिस्थिती प्रमाण परिस्थितीवर आणण्यासाठी त्या असतात. आयसोमरांमध्ये त्या दोन्हीकडं जवळपास सारख्याच येतात, त्यामुळं फक्त फरक हवा असेल तर एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये त्यांचा नुसता उल्लेख पुरतो.

१०. ‘ट्रान्स जास्त स्थिर’ असं लिहिण्याआधी थांबा

वरचा बावीसचा फरक स्फटिकांमधला आहे, सुट्या रेणूंमधला नाही. फ्युमॅरिकचे रेणू शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी घट्ट बांधलेले असतात, तर मॅलेइक आपला एक बंध स्वतःच्याच आत वापरतं. द्रवणांकांतलं दीडशे अंशांचं अंतर त्याचीच साक्ष देतं. रेणूंची तुलना करायची तर दोघांची संप्लवन एन्थॅल्पी (घनाची थेट वाफ व्हायला लागणारी उष्णता) मोजून मिळवावी लागते. त्यासाठी वेगवेगळ्या तापमानांना बाष्पदाब मोजतात, बहुधा नुडसेन एफ्यूजनच्या पद्धतीनं, म्हणजे बारीक छिद्रातून किती वाफ बाहेर गेली ते तोलून. फ्युमॅरिकची संप्लवन एन्थॅल्पी बरीच जास्त असल्यामुळं वायुअवस्थेत तो बावीसचा फरक तसाच राहत नाही. निष्कर्षात ‘स्फटिक अवस्थेत’ हे दोन शब्द घाला. माझ्या तोंडी परीक्षेत अर्धा तास याच दोन शब्दांवर गेला.

वितळण्याची उष्णताही मोजायची म्हणून डीएससी (नमुना एकसारखा तापवत तो किती उष्णता घेतो त्याचा आलेख काढणारी पद्धत) करायचं ठरवलंत तर आधी यंत्र इंडियम धातूच्या द्रवणांकावर आणि वितळण्याच्या उष्णतेवर तपासा: १५६.६ अंश आणि ग्रॅमला २८.६ ज्यूल. मॅलेइकचं आलेखातलं शिखर वाकडं आलं तर यंत्राला दोष देऊ नका. वितळता वितळताच ते पाणी सोडायला लागतं, त्यामुळं त्या शिखराखालचं क्षेत्रफळ निव्वळ वितळण्याचं नसतं. फ्युमॅरिक तर वितळण्याआधीच संप्लवनानं उडायला लागतं, त्याला बंद पॅन लागतं.

शेवटच्या मोजमापानंतर बॉम्ब डिस्टिल्ड वॉटरनं धुवा, आतून कोरडा पुसा आणि झाकण सैल ठेवूनच कपाटात ठेवा. नायट्रिकचा अंश आत राहिला तर स्टीलला डाग पडतात. सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून रेग्युलेटरमधला दाब सोडा, रजिस्टरमध्ये उरलेला दाब लिहा, आणि किल्ली मामांच्या हातात द्या.